पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आपल्या एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिवांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या त्या पोहणं-सायकल-धावण्याच्या गटावर वीस मिनिटं बोला." मी म्हणलं, "आधी दप्तरात आमच्याविषयी काय काय आहे ते बघून घ्या." कारण आमच्या गटाची या सोसायटीतली पहिली लेखी नोंद म्हणजे एक तक्रार अर्ज आहे. "काही सभासद रोज पहाटे पावणेपाच वाजता मुख्य गेट मोठा आवाज करून उघडतात, त्यामुळे इतरांची झोपमोड होते." अर्ज अगदी बरोबर होता. सायकलच्या साखळीसाठी आणलेलं तेल आम्ही पहिल्यांदा घातलं ते गेटच्या बिजागऱ्यांना. ज्यांनी अर्ज केला होता, ते काका आज दुसऱ्या रांगेत बसलेत आणि दर रविवारी आमच्याबरोबर सायकलवर असतात. त्यामुळे तो अर्ज निकाली निघाला असं समजायला हरकत नाही.

आता ट्रायथलॉन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आधी पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की लगेच पळायचं. मधे घड्याळ थांबत नाही. कपडे बदलायला, बूट घालायला जो वेळ जातो तोही मोजतात. ऑलिंपिकमध्ये हा खेळ 2000 साली सिडनीला आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं. नवख्या माणसासाठी याच्या निम्मं अंतर असतं. आणि त्याहून फार मोठं, ज्याला आयर्नमन म्हणतात, ते 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणं, सगळं 17 तासांच्या आत. त्याच्या अर्ध्या अंतराची स्पर्धा 2019 पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली. मिलिंद सोमण यांनी 2015 साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला पूर्ण आयर्नमन केली, ते तुम्ही वाचलं असेल. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर अशा स्पर्धा कितीतरी वेळा पूर्ण केल्या आणि इतरांनाही तयार केलं.

या आयर्नमनची सुरुवात फार मजेशीर आहे. हवाई बेटांवर पळणारे आणि पोहणारे यांच्यात वाद लागला की सगळ्यात तंदुरुस्त कोण. त्यातून जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्यानं तिन्ही प्रकार एकत्र केले. 18 फेब्रुवारी 1978 ला 15 जण उतरले, 12 जण पोचले. पहिला आला गॉर्डन हॉलर, 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत. पण मला आवडते ती दुसऱ्या नंबरवाल्याची गोष्ट. त्या वेळी प्रत्येकानं खाण्यापिण्याची सोय बघणारी माणसं आपापली आणायची होती. या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी ऐन पळताना संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली! बिचारा पुढं होता, तो मागं पडला. तेव्हा हा खेळ एकट्याचा दिसतो, पण सोबतची माणसं कशी आहेत त्यावर बरंच ठरतं, हे पहिल्या दिवसापासून चालत आलंय.

आमचा गट कसा जमला ते तुम्ही पाहिलंच आहे. 2021 चा उन्हाळा आपण कुणीच विसरणार नाही. जिन्यात एकमेकांना टाळून जायची सवय लागली होती. आपली माणसं गेली, आणि चार माणसं खांद्याला मिळाली नाहीत. ते दिवस ओसरल्यावर औषध दुकानवाले काका आणि मी गच्चीवर चालायला लागलो. मग समोरच्या वहिनी आल्या, जिल्हा परिषदेतले सर आले. पोलीस भरतीची तयारी करणारा आपल्या ब इमारतीतला मुलगा गच्चीवर आमचे गोल गोल फेरे बघून म्हणाला, "मॅडम, इथं चक्कर येईल. खाली चला, मी पळायला शिकवतो." भरतीला त्याला 1600 मीटर पळायचं होतं. त्यानं आम्हाला पहिला धडा दिला तो हळू पळण्याचा. "बोलता आलं पाहिजे इतकंच पळा. बोलता येईना झालं की चाला." दोन महिने आम्ही एक मिनिट पळायचो, दोन मिनिटं चालायचो. हातलाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या चढावर तर पळण्यापेक्षा बोलणंच जास्त व्हायचं. पोरांच्या शाळा, सासूबाईंची साखर, नळाला पाणी कधी येणार. तीन वर्षं एका जिन्यात राहून जे बोललो नव्हतो, ते तीन महिन्यांत बोललो.

सायकली आल्या त्या मुलांच्या जुन्या. जिन्याखाली त्या ठेवायला जागा द्यावी की नाही, यावर सर्वसाधारण सभेत पाऊण तास चर्चा झाली, तीही इतिवृत्तात आहे. पण पोहण्याचं काय? धाराशिवला राहून पोहायचं म्हणणं म्हणजे चेष्टाच. आपण उजनीच्या पाण्याची वाट बघणारी माणसं. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या आवारात त्या वर्षी टँकर आला की कोण आधी मोटर लावतं यावरून काय काय झालं, ते आता रौप्यमहोत्सवात काढत नाही. अशा ठिकाणी पोहायचा तलाव मागणं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

तेव्हा आप्पा पुढं आले. आप्पा म्हणजे अ इमारतीतले, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. "पोहायला तलाव कशाला पाहिजे? आमच्या भावाची हीर हाय की."

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी तेरणेकाठच्या एका गावची. आमच्या गावात मुलं उन्हाळ्यात विहिरीवरच असायची. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मोठा भाऊ धाकट्याला ढकलून द्यायचा, चार दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. आम्ही मुली त्याच विहिरीवर पाण्याला जायचो. पाणी शेंदायचं आमच्याकडं, पोहायचं त्यांच्याकडं. मुलींनी विहिरीत उतरायची रीत नव्हती, आणि कुणी तसं मोडूनही बघितलं नव्हतं. मी दहा वर्षांची असताना माझी एक मैत्रीण पायरीवरून घसरून पडली. आम्ही पाच जणी काठावर होतो. पाचातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. आम्ही ओरडत रानाकडं पळालो. माणसं आली तोवर उशीर झाला होता.

तेहतीस वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी विहिरीच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात घातले आणि हात कापायला लागले. तेव्हा वहिनींनी विचारलं, आणि मी सांगितलं. सगळे गप्प झाले. आप्पांनी काहीच समजूत घातली नाही. ते म्हणाले, "आज एवढंच. उद्या गुडघ्यापस्तोर." आणि त्याच दिवशी त्यांनी नियम घातला, जो आजही आमचा पहिला आणि शेवटचा नियम आहे. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. एक जण आत, तर एक जण काठावर, नजर पाण्यावर, हातात फोन नाही.

दुसरा नियम, आधी मोटरचं मेन स्विच बंद करायचं आणि फ्यूज काढून आप्पांच्या खिशात ठेवायचे. विहिरीतल्या मोटरच्या वायरीनं पाण्यात करंट उतरतो आणि चांगली पोहणारी माणसं जातात, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं, पण घाईत विसरतात. तिसरा नियम, अनोळखी पाझर तलावात, खाणीच्या डबक्यात उडी मारायची नाही. वरून पाणी शांत दिसतं, खाली गाळ किती आहे ते कळत नाही. आणि प्रत्येकाच्या कमरेला दोरीनं हवा भरलेली ट्यूब. यातलं एकही पुस्तकातलं नाही, पण शहरातले प्रशिक्षक वेगळ्या शब्दांत हेच सांगतात.

पोहणं शिकताना मला सगळ्यात जड गेलं ते श्वासाचं. आपल्याला वाटतं, पाण्यात दम कोंडून धरायचा. तिथंच चुकतं. श्वास कोंडला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळंच जीव घाबरा होतो. छातीत हवा असूनही गुदमरल्यासारखं वाटतं. तोंड पाण्यात असताना हवा बाहेर सोडत राहायची, आणि मान एका बाजूला वळवून पटकन आत घ्यायची. मी विज्ञानाची शिक्षिका, हे फळ्यावर दहा वेळा समजावून सांगेन. पण पाण्यात ते मला आप्पांनी शिकवलं. म्हणाले, "मॅडम, पाण्यात तोंड घालून आरती गुणगुणा." गुणगुणायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. बुडबुड्यांतून आरती म्हणत म्हणत मी पोहायला शिकले. अंबाबाईनं ती ऐकली असेल.

आता विहिरीत दीड किलोमीटर पोहायचं कसं? तीस फूट रुंदीची विहीर. काठापासून थोडं आतून गोल फिरलं तर एक फेरी साधारण 22 मीटरची होते. म्हणजे दीड किलोमीटरला जवळजवळ 70 फेऱ्या. एकाच दिशेनं फिरलं तर गरगरतं, म्हणून दर दहा फेऱ्यांनी दिशा बदलायची. मोजायला आप्पा काठावर चिंचोके घेऊन बसायचे. एक फेरी झाली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडं, आणि मोठ्यानं आकडा. मी 43 व्या वर्षी पहिल्यांदा न थांबता एक फेरी पूर्ण केली, तेव्हा तो एकच चिंचोका त्यांनी मला घरी न्यायला दिला.

आपल्या विहिरी काही बारमाही नाहीत. पावसाळ्यानंतर चार-पाच महिने पाणी, मग पायऱ्या उघड्या पडायला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर राहते ती पिकापुरती आणि जनावरांपुरती, तेव्हा आम्ही तिच्याकडं फिरकत नाही. आमचं वेळापत्रक त्यामुळं पावसावर चालतं. पाणी आहे तोवर पोहायचं, उन्हाळ्यात पहाटे सायकल आणि पळणं. कोल्हापूरचे लोक राजाराम तलावात स्पर्धा भरवतात, त्यांचं बघून हेवा वाटतो. पण एक सांगते, जे मोजून मिळतं त्याची किंमत राहते. आठवड्यातले दोन पोहण्याचे दिवस आमच्यातल्या कुणीही कधी बुडवले नाहीत.

सायकलला मात्र आपल्याकडं रस्ते छान आहेत. तुळजापूर रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन परत फिरलं की स्पर्धेचे 40 पूर्ण. चढाची सवय करायची तर येडशीला रामलिंगच्या घाटात. बदल म्हणून तेरला जायचं, गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि परत यायचं. सायकल चालवताना एकामागं एक राहिलं तर पुढचा वारा कापतो आणि मागच्याचा दम बराच वाचतो. आयर्नमनसारख्या स्पर्धेत असं मागं लपायला बंदी असते, पुढच्यापासून ठरावीक अंतर ठेवावं लागतं. पण सरावात आम्ही पाळी लावली. दोन-दोन किलोमीटर प्रत्येकानं वारा अंगावर घ्यायचा. जो दमला असेल त्याची पाळी न बोलता दुसऱ्यानं घ्यायची. माझी पाळी वहिनींनी किती वेळा घेतली, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही आणि त्यांनीही ठेवलेला नाही.

सायकलवरून उतरून लगेच पळायचा जो सराव असतो, त्याला ब्रिक म्हणतात. करून बघा. पाय आपले राहत नाहीत, लाकडाचे होतात. सायकलवर ज्या पद्धतीनं स्नायू तासभर चालले, त्यातून बाहेर यायला त्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. उपाय एकच, छोटी छोटी पावलं टाकायची आणि वाट बघायची. औषध दुकानवाले काका म्हणतात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखं आहे, घाई केली की बिघडतं.

खाण्यापिण्याचं विचाराल तर आमच्याकडं पाकिटातलं काही नाही. केळी, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, आणि बाटलीत लिंबू, मीठ, साखर. आपल्या उन्हात नुसतं पाणी पीत राहणं बरं नाही. घामातून मीठ जातं ते भरून काढावं लागतं. भूमकडं सायकल गेली तर मात्र कुंथलगिरीचे पेढे येतात, आणि त्या दिवशी व्यायामाचा हिशोब कुणी मांडत नाही.

लोक विचारतात, आपल्याकडं हे फॅड कुठून आलं? मला वाटतं, लांबचा पल्ला आपल्याला अजिबात नवा नाही. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारी माणसं बघा. रात्रभर, अनवाणी, म्हाताऱ्या बायका, कडेवर मूल घेतलेल्या. त्यांना कुणी पदक देत नाही. त्या दिवसांत आम्ही सायकली घरी ठेवतो आणि रस्त्यावर चहा-पाणी वाटायला उभे राहतो. तिथं आम्ही एक गोष्ट शिकलो. पायी जाणारा जथा सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालतो. पुढचा माणूस झाडाखाली बसतो, मागचा आला की उठतो.

आणि आपला जिल्हा तर खो-खोचा. आपल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लहानपणी मीही शाळेत खो-खो खेळलेय. त्यात धावणारी एक दिसते, पण आठ जणी बसलेल्या असतात, डोळे उघडे ठेवून, उठायच्या तयारीत. धावणारीचा दम संपतो तेव्हा ती कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवते आणि "खो" म्हणते. ट्रायथलॉनमध्ये खो द्यायला कुणी नसतं, तिन्ही आपल्यालाच करायचं. म्हणून सरावात खो लागतो. पहाटे अलार्म बंद करून पुन्हा झोपावं वाटतं, तेव्हा खाली गेटवर कुणीतरी उभं आहे एवढ्या एका जाणिवेनं माणूस उठतो. निम्मं प्रशिक्षण तेवढंच आहे.

आता स्पर्धेचं सांगते. दोन वर्षांच्या सरावानंतर आम्ही पाच जण कोल्हापूरला एका स्पर्धेला गेलो. आप्पा अर्थात सोबत, खिशात चिंचोके. तलाव बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. विहिरीला काठ असतो, कुठंही असलात तरी चार हात मारले की दगड हाताला लागतो. तलावाला मधोमध काहीच नसतं. दोनशे माणसं एकदम पाण्यात उतरली, कुणाचा पाय लागला, तोंडात पाणी गेलं, आणि मला ती पायरी दिसली. तेहतीस वर्षांपूर्वीची. श्वास कोंडला. मला सगळं माहीत होतं, कार्बन डायऑक्साइड आणि सगळं, पण एकही गोष्ट आठवेना.

नियमानुसार अशा वेळी बचाव पथकाच्या नावेला धरून थांबता येतं. फक्त नावेनं पुढं ओढून नेता कामा नये. मी नाव धरली. नावेतला मुलगा म्हणाला, "ताई, बाहेर यायचंय का?" मी मान हलवली, पण हो की नाही ते मलाच कळलं नाही. तिथून काठावरच्या माणसाचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. पण काठावर एक पांढरी टोपी दिसत होती, आणि ती हलत नव्हती. आप्पा. फोन नाही, गप्पा नाहीत, नजर पाण्यावर. मी तोंड पाण्यात घातलं आणि आरती सुरू केली.

मी बाहेर आले, पण ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा. तिथल्या स्वयंसेवकानं अगदी नम्रपणे माझ्या पायाची पट्टी काढून घेतली. माझी स्पर्धा तिथं संपली. सायकल तशीच उभी, तिच्या दांड्याला वहिनींनी बांधलेला लिंबू-मिरचीचा दोरा. उरलेले चौघं पुढं गेले, जायलाच हवं होतं, आणि चौघंही पूर्ण करून आले. भरतीवाला मुलगा, जो आता खाकी वर्दीत आहे, तो तर आपल्या वयोगटात फार पुढं होता. परतीच्या गाडीत पदकं घालून बसायला कुणालाच बरं वाटेना. चौघांनी ती पिशवीत टाकली. मला त्याचाच जास्त राग आला. मी म्हणलं, "गळ्यात घाला. मी काय मेलेय का?" मग जे हसायला लागलो ते सोलापूर येईपर्यंत.

पुढच्या गुरुवारी वहिनींनी दार वाजवलं. "रविवारी सकाळी सहा वाजता हिरीवर या. तुमचं 40 आणि 10 राहिलंय." मी म्हणलं, "पोहणंही नीट झालेलं नाही." त्या म्हणाल्या, "मग पहिल्यापासून करू."

त्या रविवारी मी 70 फेऱ्या मारल्या. आप्पांचे चिंचोके इकडून तिकडं गेले. बाहेर येऊन सायकल, तुळजापूर रस्ता, आणि चौघं वाऱ्याला पुढं. मी ओरडत होते, "हे नियमात बसत नाही!" आणि कुणी ऐकत नव्हतं. शेवटचे दहा किलोमीटर पळत सोसायटीपर्यंत. शेवटच्या वळणावर बघते तर गेट सताड उघडं आणि आवाज न करता उघडलेलं. तुमच्यातले बरेच जण तिथं होतात. तक्रार अर्जवाले काका टाळ्या वाजवत होते. फीत नव्हती, पदक नव्हतं. आपले वॉचमन मामा त्यांच्या जाण्या-येण्याच्या वहीत काहीतरी लिहीत होते.

नंतर मी ती वही बघायला मागितली. आमच्या गटाचं ना नाव आहे, ना नोंदणी, ना खातं. आमचा सगळा इतिहास मामांच्या त्या वहीत आहे. रोज पहाटे कोण किती वाजता बाहेर गेलं आणि किती वाजता परत आलं. मामांनी पहिल्यापासून एक सवय ठेवली आहे. गटातला शेवटचा माणूस आत आल्याशिवाय ते त्या दिवसाची ओळ बंद करत नाहीत. कधी पंक्चरमुळं कुणाला अकरा वाजले, तरी रात्रपाळी संपलेली असताना मामा बसून राहिलेले आहेत. त्या रविवारची ओळ अशी होती: "10.25. मॅडम आल्या. सर्व आले."

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर. एक चालवतो तेव्हा दुसरा विसावतो. त्यांचं मोठेपण फार वेगळं, पण ते वाचलं तेव्हा मला वाटलं, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही सोसायटी उभी केली, त्यांनीही असंच केलं असणार. एकाला हप्ता जमला नाही तेव्हा दुसऱ्यानं भरला, एक सरकारी कचेरीत दमला तेव्हा दुसरा गेला. सहकार हा शब्द आपल्या फलकावर रंगवलेला आहे. मला त्याचा अर्थ विहिरीच्या काठावर कळला.

शेवटची एक विनंती करते आणि बसते. गेल्या दोन पावसाळ्यांनंतर आप्पांनी आपल्या सोसायटीतल्या आठ मुलींना पोहायला शिकवलं. स्पर्धेसाठी नाही. पाण्यात पडलं तर तरंगता यावं, आणि काठावर असताना नुसतं ओरडत पळायची वेळ येऊ नये, म्हणून. अजून बऱ्याच राहिल्या आहेत. मला माहीत आहे, काही घरांतून "मुलीनं विहिरीत कशाला" असं येतं. पोशाखाचा प्रश्न असेल तर सलवार-कुर्त्यावर शिकवू, मीही तशीच शिकले. वेळेचा प्रश्न असेल तर वेळ बदलू. पण पुढच्या पंचवीस वर्षांत या आवारात वाढलेली एकही मुलगी अशी नसावी की जिला पोहता येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत तेवढी एक ओळ छापून आली, तर आमच्या सगळ्यांच्या पदकांपेक्षा ती मोठी.

वहीसुद्धा तयार आहे. मामांनी एक पान कोरं ठेवलंय. परवा रविवारी पहाटे पावणेपाचला गेटवर. गेट आम्ही हळू उघडू.